मधलं तेल

धारूरचा घाट चढताना
बब्रुवानचा टँकर तिसऱ्या वळणावर उकळायचा.
मागं माजलगावचं दहा हजार लिटर पाणी
अन् पुढं रेडिएटर तहानेला.
तो उतरायचा, मागची तोटी सोडायचा,
एक बादली, कधी दोन.
"रोज गावाची बादली चोरतोय मिस्त्री,"
म्हणाला, अन् चहाला नको म्हणाला.

खय्यूम मिस्त्रींनी घाई केली नाही.
इंजिन निवू दिलं.
मग पंख्याच्या पात्याला बोटानं जरा ढकललं.
पंखा फिरत राहिला, एक, दोन, चार, पाच,
जत्रेतल्या भिंगरीसारखा, बेफिकीर.
"पाण्याची खोट नाही. ह्याची पकड गेली."
डबीच्या कडेला चिकट धुळीचं कडं होतं,
ते त्यांनी अंगठ्यानं पुसून मला दाखवलं.

मी दहावी नापास, हातात कळकट चिंधी.
मला वाटायचं पंखा इंजिनाला बांधलेलाच असतो.
नसतो.
मधे ही डबी, डबीत दोन चकत्या,
अंगावर गोल गोल चऱ्या, नांगरल्यासारख्या,
हिची धार तिच्या चरीत,
तरी एकमेकींना शिवत नाहीत.
एक इंजिनाची. एक पंख्याची.
"मग फिरवतं कोण?"
"मधलं तेल."

तोंडावर पट्टीचं वेटोळं, घड्याळातल्यासारखं,
दोन धातू पाठीला पाठ लावून;
झळ लागली की एक जास्त पसरतो, एक कमी,
म्हणून ते उलगडतं,
उलगडताना आतली झडप सरकवतं,
अन् कप्प्यात बसलेलं तेल
चकत्यांच्या मधे उतरतं.
निवलं की परत कप्प्यात.
"सारखंच फिरलं तर काय बिघडतं?"
"डिझेल पितं. अन् कान खातं.
गरज पडंल तेव्हाच उठावं माणसानं बी,"
एवढं बोलून ते पान्ह्याकडं वळले.

नवी डबी आणायला मला बीडला धाडलं.
"उभी धर. आडवी केलीस तर तेल गळंल."
येताना एसटीत दोन तास
ती मांडीवर उभी धरून बसलो.
शेजारची बाई म्हणाली, देव हाय का काय?
मी म्हणालो, पंख्याचं हाय.
तिनं तरी पिशवी सरकवून जागा केली.

नटाचे आटे उलटे होते, हे मी विसरलो,
तासभर सैल करायचं ते आवळत बसलो.
मिस्त्री बघत होते. बोलले नाहीत.

चाचणीला आम्ही तिघं केबिनमधे.
पहिलं वळण. दुसरं.
तिसऱ्याच्या अलीकडं
पुढून एकदम वारं सुटल्यासारखा घोंगाट उठला,
बब्रुवाननं ब्रेकवर पाय टाकला:
"काय तुटलं?"
"तुटलं नाही. धरलं."
काटा लालाच्या खाली थबकला,
थोडा वेळ तसाच राहिला, मग उतरू लागला.
वर सपाटीला आवाज आपोआप बसला.

आता माझ्याच गाडीचा पंखा
पहाटे चावी मारली की मिनिटभर ओरडतो.
रात्रभर उभ्या गाडीत तेल मधे उतरून बसलेलं असतं,
फिरता फिरता परत जागेवर जातं.
नवा पोरगा दचकतो. मी म्हणतो, थांब जरा.

त्या दिवशी मात्र मला आवाज आठवतो तो दुसराच:
टँकरमागं टांगलेली बादली
घाटभर
कोरडी वाजत होती.