बुजवलेली खिडकी

देवगडात जेटीकडे उतरताना डाव्या हाताला
आमची एक्स-रेची खोली.
भिंत जांभ्याची, दीड फूट जाड.
डॉक्टर वालावलकर म्हणायचे, तोफेचा गोळा अडेल हिच्यात.

एकोणतीस वर्षं मी तिथे बटण दाबलं.
पदविका नाही. शिकलो तळेकरांच्या हाताखाली,
जुनं मशीन पेंढ्यात बसून टेम्पोतून आलं, त्या साली.
श्वास घ्या. धरा. सोडा.
हापूसच्या दिवसांत मनगटं यायची,
श्रावण-भाद्रपदात शेवाळलेल्या खळ्यांतून खुबे.
फिल्म धुवायच्या आधीच
मला माणसाच्या चालण्यावरून हाड कळायचं.

मग मुंबईत कायदा झाला.
आमच्याकडे पोचला तो तीन पानांचा, मराठीच,
पण वाचताना दात लागावेत असा:
विहित नमुन्यात, सक्षम प्राधिकाऱ्यासमोर,
नोंदणीकृत व्यक्तीखेरीज अन्य कोणीही.
त्या ‘अन्य कोणीही’मध्ये मी होतो.
इतक्या वर्षांत सरकारने
माझा पहिल्यांदाच उल्लेख केला.

कार्तिकात ओरोसहून तपासणीला बाई आल्या.
वय माझ्या पुतणीएवढं. हातात डब्यासारखं यंत्र.
टेबलावर माणसाऐवजी पाण्याची बादली ठेवायला लावली.
भिंतीपाशी काटा हलेना.
मी मनात म्हटलं, जांभा आहे, बाई.

इथे काय होतं?
खिडकी होती. मशीन आलं तेव्हा बुजवली.
कशाने?
प्लायवुडने. वरून रंग मारलाय.

त्या बाहेर गेल्या. मी आत बटण दाबलं.
बादलीला श्वास धर म्हणायची गरज नव्हती.
आणि भिंतीपलीकडून ते यंत्र वाजलं
चुक्, चुक्, चुक्.
शंकेची पाल म्हणतात ती
मी तेव्हा कानांनी ऐकली.

खिडकीखाली सत्यवती कोयंडे बसते.
बांगडे, सौंदाळे, कधी कुर्ल्या.
अकरानंतर त्या उतारावर
सावली तेवढीच, हातभर.
मीच म्हटलं होतं तिला, कधीतरी, माझ्या लग्नाच्या आसपास,
उन्हात कशाला, इथे टेक.
‘हयसर बरा आसा,’ म्हणून ती बसली ती बसलीच.
आत मी शिशाचा एप्रन घालत होतो,
बाहेर तिच्या डोक्यावर पदर होता.

आकडा किती, ते बाईंनी रकान्यात लिहिलं.
मला वाचता आला. कळला नाही.
भीतीचं आहे का, विचारलं.
म्हणाल्या, इतक्या वर्षांचं आज कोण सांगणार?
मग मेणबत्ती, लाख, दोरा.
खोलीत पोस्टातला वास आला.

आता बोट मोडलं तरी कणकवली.
धुऱ्यांचा पोरगा गळ्यात हात बांधून
एसटीत उभा राहून गेला, घाटीभर कळवळत.
संध्याकाळी जेटीवर लोक कायद्याच्या नावाने बोटं मोडतात,
मीही मोडतो, सगळ्यांत जोरात.
त्यांना मशीन दिसतं, सील दिसतं.
प्लायवुडचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिला सांगितलं.
कोयती थांबली नाही तिची. सौंदाळ्याची शेपटी उडवत म्हणाली,
‘माका काय दिसला नाय, काय लागला नाय,
मगे झाला काय?’
एकोणतीस वर्षं मी हेच म्हणत होतो,
तिच्या तोंडून मात्र ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी तिची पाटी चार हात पलीकडे, उन्हात,
मोडक्या छत्रीखाली.
मशीन बंद आहे, आता बस खुशाल, म्हटलं.
‘ऱ्हवांदे,’ म्हणाली.
सावलीत मांजर झोपलं होतं.

रोजच्यासारखे तिने दोन बांगडे पानात बांधले,
जे मी कधी विकत घेतले नव्हते.
मी पैसे पुढे केले.
तिने घेतले.
मोजून घेतले.