खालचा पाइप

पहिल्यांदा थर्मोस्टॅट बदलला.
दुसऱ्यांदा वॉटर पंप, फॅन बेल्ट,
आणि हात काळे झालेच आहेत तर पाइपही दोन्ही, वरचा-खालचा.
तिसऱ्यांदा रेडिएटर उतरवून करंज्यात नेला,
नळीनळीतून सळई घातली,
ओंजळभर तपकिरी चिखल निघाला.
चौथ्यांदा हेड. गॅस्केट. साडेचार हजार.

पाचव्यांदा मुलाणी सिस्टर
माझ्या गोडोलीच्या शेडसमोर पद्मिनी लावून उतरल्या.
बोलल्या नाहीत,
नुसती काट्याकडे मान केली.

शेडमध्ये तासभर चालू ठेवली.
काटा निम्म्यावर
जावयासारखा बसून राहिला.
सोपान म्हणाला, मीटरच खोटं असेल.
मीटर खोटं, सिस्टर खोट्या,
मग ती वाफ पण खोटी का रे?

सिस्टर स्टुलावर टेकल्या.
चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई.
"ताप कधी चढतो, विचारलंस का तिला?"
कधी?
"नाक्यापर्यंत नाही. राजवाड्यापर्यंतही नाही.
यवतेश्वरचा घाट लागला की, तिसऱ्या वळणावर.
उतरताना आपोआप उतरतो."

चार बिलं फाडली मी.
हा एक प्रश्न राहिला होता.

तिसऱ्या वळणावर कठड्याला लावली.
समोर अजिंक्यतारा, खाली पत्र्यांचा सातारा.
बोनेट वर. कॅपला कुणी हात लावला नाही.
बंद करून पाहिलं : सगळं जागच्या जागी,
क्लिपा घट्ट, पाइप गुबगुबीत.
उभ्या गाडीत काही म्हणता काही चुकलेलं नसतं.

"चालू कर," सिस्टर म्हणाल्या, "रेस दे. मी बघते."
पदर खोचला, चष्मा कपाळावरून नाकावर.
दिली. आणखी दिली.
"बसली."
काय?
"शीर. ही खालची. सोड. आली.
दाब. बसली बघ."

मग त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर, मी वाकलेला.
मीच घातलेला नवा कोरा पाइप,
इंजिनाला चढावर तहान लागली
की पंप ओढायचा, आणि हा मिटायचा
पोरांनी चोखून टाकलेल्या पेप्सीकोल्यागत.

"सुईनं रक्त ओढताना घाई केली की असंच," त्या म्हणाल्या.
"शीर असते. रक्तही असतं. येत नाही."

तेव्हा आठवली स्प्रिंग.
जुन्या पाइपाच्या पोटात होती, तांबडी, गंजकी.
नव्या पाइपाला कसली स्प्रिंग, म्हणून काढून टाकली.
एवढी वर्षं आत ती करत काय होती?
काही नाही. भिंतींना
एकमेकींजवळ येऊ देत नव्हती, इतकंच.

म्हणजे मूळ दुखणं तिसऱ्या खेपेला
त्या चिखलाबरोबरच गेलं असणार.
पुढचा ताप माझ्या औषधाचा.

सांगावं की गुपचूप पाइप बदलावा?
काटा खाली येत होता. समर्थ मंदिर गेलं.
राजवाड्याच्या गर्दीत म्हशी आडव्या आल्या,
तिथे थांबलो आणि बोलून टाकलं.
सिस्टर म्हशी जाईपर्यंत गप्प.
मग म्हणाल्या, "आमच्याकडे असलं रजिस्टरला लिहायला लागायचं.
तारीख घालून."

शेडमध्ये पाहतो तर स्प्रिंग भिंतीवरच.
सोपाननं खिळ्याला आडवी टांगून
वेटोळ्या-वेटोळ्यात बिलं खोचलेली,
त्यांत सिस्टरांची चार.
रोज तिच्यासमोरच डबा खात होतो.

एकेक बिल काढत गेलो.
कागद निघाला तरी वेटोळं तेवढंच उघडं.
सोपान्या, पॉलिश पेपर आण.

"किती झाले?" मागून पर्सची चेन वाजली.
थांबा, म्हटलं, मोजतोय.