किंचित ओलं

भालचंद्र पिंपळे, वय एकसष्ट, तांबट आळी.
खालची डावी, मागून दुसरी दाढ.
कार्ड पिवळं पडलंय, अक्षर माझंच,
तेव्हा मी आकड्यांना शेपट्या काढायचे.
अकरा वर्षांपूर्वीचा मंगळवार,
बाहेर सात पेशंट, वीज गेलेली,
आणि कोपऱ्यात लिहिलंय:
एकाच बाटलीचं बाँडिंग. वेळ नव्हता.

दिव्याखाली आता तपकिरी रेघ दिसते
दात आणि भरण यांच्या मधे,
चहाने झिरपून झिरपून आखलेली,
नकाशावर गावाची शीव असते तशी.
सुईचं टोक तिच्यावरून नेलं
की एका जागी अडकतं.
"दुखतं?"
"थंड द्राक्ष खाल्लं की कळतं.
तोवर विसरलेला असतो."

कापसाचा बोळा कोंबायच्या आत
त्यांनी तेव्हाचाच प्रश्न परत विचारला.
भांड्याला कल्हई करायची तर
आधी घासायचं, ठणठणीत कोरडं करायचं,
तापवायचं, नवसागर टाकायचा.
"ओल्यावर काही धरत नाही, डॉक्टर.
तुमचं कसं धरतं?"

धरतं, एवढंच मी तेव्हा म्हणाले होते.

आज सगळं सांगितलं.
दाताची वरची कड काचेसारखी, तिची हरकत नाही,
ॲसिडने खरवडली की वर्षानुवर्षं सोडत नाही.
पण आतला दात जिवंत असतो,
त्याच्या बारीक नळ्यांतून पाणी येतच राहतं.
फार सुकवला तर त्यातले तंतू आडवे होतात
पूर ओसरल्यावर नदीकाठचं गवत झोपतं तसे,
फार ओला ठेवला तर औषधच पातळ.
किंचित ओला ठेवायचा.
किंचित म्हणजे किती, ते हाताला विचारायचं.

"म्हणजे ते औषध दुतोंड्या मारुती झालं,"
पिंपळे म्हणाले, "एक तोंड इकडं, एक तिकडं,
आणि पाणी किती चढलं ते लोक त्यालाच विचारणार."
मी हसले. पण आहे तसंच.
त्याच्या रेणूला दोन तोंडं,
एकाला पाणी हवं, एकाला सोसत नाही,
आणि मधल्या अंगावर अख्खं भरण उभं.

खोक्यातल्या कागदावर ताकदीचे आकडे असतात,
चोवीस तासांनंतर मोजलेले.
चोवीस तास!
पिंपळ्यांच्या तोंडात त्यानंतर चार हजार दिवस
चहा गेला, काळ्या मसाल्याचा रस्सा गेला,
सुपारी, दोन लग्नांचे कडक लाडू,
आणि बायको गेली त्या रात्री
आवळून धरलेले दात.
हे कुठल्या यंत्रात घालणार?

ड्रिल लावलं. निम्मं भरण निघेना.
वरच्या कडेला ते असं बसलेलं
की दात कुठे संपतो मलाच कळेना.
तळ मात्र मऊ.
थोडं लाळेने केलं, थोडं दातानेच:
त्याच्या आत काहीतरी जन्मापासून झोपलेलं असतं,
आपण ॲसिड टाकतो, ते जागं होतं
आणि आपण न झाकलेले तंतू
सावकाश खात बसतं.
उरलेलं त्या मंगळवारने केलं.

या वेळी रबर डॅम. या वेळी बाटल्या दोन.
पंधरा सेकंद निळं जेल. पाणी. टिपून घेणं.
वीस सेकंद घोळवत राहणं, मग हवेची हलकी फुंकर,
निळा दिवा,
मग थर, त्यावर थर.
बाहेरून कुणी दोनदा दार ढकललं. बसू दिलं.

"हे किती टिकेल?"
खरं सांगू, म्हटलं, माहीत नाही.
वरची कड दवाखाना बंद होईस्तोवर. तळाचं बघू.
पिंपळ्यांनी चूळ भरली.
"माझी कल्हई सहा महिने. उतरली की गिऱ्हाईक परत येतं.
त्यावर दोन पोरी शिकल्या."
आणि जीभ दाढेवर फिरवत राहिले,
नव्या पातेल्याच्या तळावर अंगठा फिरवून बघतात तशी.

कार्डावर जागा उरली नव्हती.
पाठीमागे तारीख लिहिली, दोन्ही बाटल्यांची नावं,
आणि खाली, मलाही चष्मा लागेल इतकं बारीक:
तळाला जरा जास्त ओलं राहिलं असावं.