बाटलीचं माप

जहाज मंगळवारी यायचं होतं,
आलं त्याच्या पुढच्या मंगळवारी,
आणि पिंपांच्या आधी धक्क्यावर भाव उतरला.
उतरला म्हणजे चढलाच,
राजधानीहून, वायरलेसवर, खरखरत.

मी थुंकी लावून फळ्यावरचा जुना आकडा पुसला.
सहकारी दुकानात मी कारकून, नाव रोतिया.
भाव मी ठरवत नाही, नुसती लिहिते.
लोक मात्र माझ्या बोटांकडे बघतात
जणू खडूच महागलाय.

लिटर आमच्याकडे चालत नाही.
पिंपाला हातपंप, पंपाखाली नरसाळं,
नरसाळ्याखाली सरबताची रिकामी बाटली.
एक बाटली : लगून ओलांडून परत.
दोन : प्रवाळाच्या कड्याबाहेर, जिथे पाणी शाईसारखं होतं.
चार : दवाखान्याचं बेट.
परतीचं विचारू नका.
सोयरीक जुळवतानाही म्हातारे विचारतात,
मुलगी किती बाटल्यांवर द्यायची?

त्या मंगळवारपासून जनरेटर सातला सुरू, नऊला बंद.
तेउरिया म्हातारीनं स्टोव्ह खाटेखाली सारला
आणि पुन्हा सोडणांवर भात शिजवू लागली.
"धूर तरी आपला," म्हणाली, खोकत.
शाळेच्या छपरावर सौरपाट्या आहेत, चकाकतात.
बॅटरी मेली त्याला दोन वर्षं झाली,
तिचा कागद अजून कुठल्यातरी टेबलावर जिवंत आहे.

काबुतानं हिशेब मांडला माझ्याच फळकुटावर, नखानं :
तीन बाटल्या नेल्या तर सात मासे बाटल्यांचे,
आठवा घरचा.
आठ लागले तर.
मग त्यानं दोनच घेतल्या.
जाताना इंजिन, येताना वल्हं,
हल्ली बरेच जण असं करतात.

रात्री नऊला दिवे गेले. तो आला नव्हता.

शोधायला होडी होती, माणसं होती,
वारा पडलेला होता, म्हणून शीड कामाचं नव्हतं.
पिंपाची किल्ली माझ्या कमरेला होती.
भिंतीवर शिक्क्याचा कागद : उधारी बंद.
मी किल्ली धरून उभी राहिले.
किती वेळ, ते सांगत नाही.
कुलपापर्यंत पोचले नाही एवढं खरं.

तेवढ्यात लोक आले, एकेक बाटली घेऊन.
कुणाची भरलेली, कुणाची तळाला चार बोटं.
तेउरियानं तर स्टोव्हच उचलून आणला,
त्यात रॉकेल आहे, चालणार नाही,
हे तिला कुणी सांगितलं नाही.
अकरा जमल्या.

पहाटे सापडला. इंजिन कोरडं,
तळहात सोललेले, पायाशी दोन ट्यूना, फुगलेले.
पहिलं वाक्य बोलला ते असं :
"मला शोधायला किती लागलं?"
नऊ, कुणीतरी म्हणालं.
तो होडीतच खाली बसला.

दोन उरल्या.
कुणाच्या, कुणी कबूल होईना.
मी दारोदार नेल्या, सगळ्यांनी मान हलवली,
तेउरियानं तर स्टोव्हही परत घेतला नाही.

आता त्या फळ्याखाली उभ्या आहेत.
बूच लाकडाचं, नीट बसत नाही,
रोज रेघभर कमी होतात.
महिनाअखेरीस तपासनीस येईल, विचारेल,
ह्या कुठल्या खात्यावर?
मी वही उघडून ठेवली आहे.
खडू ओला होतोय हातात.