केस कोरडे

आबाजी शृंगारपुरेंना मी तीन कादंबऱ्यांत
ठाण्याच्या आळ्यांतून फिरवलं.
माणूस खरा. कचेरीत मोडी नकलनवीस,
नावावर एकच कवितासंग्रह, शिळाप्रेसवर छापलेला,
जो आता वाळवीलाही नकोसा झालाय.
खरा लेखक, खोटे खून :
एवढ्यावर चालतं माझं दुकान.

चांदीच्या मुठीची काठी त्यांना मी दिली,
तपकिरीची डबी मी दिली,
संशय आला की वर जाणारी उजवी भुवईसुद्धा माझीच.
जांभळी नाक्यावरच्या पेढीतली चोरी त्यांनी
एका चुकलेल्या अनुस्वारावरून पकडली.
तुरुंगाच्या तटाखाली प्रेत सापडलं, तेव्हा
चिठ्ठीतला श्लोक वृत्तात बसेना, इथेच त्यांना खटकलं.
डोंबिवलीहून एका निवृत्त फौजदारांनी लिहिलं,
असा एखादा कवी आमच्या ठाण्यात हवा होता.

चौथीच्या वेळी प्रकाशक म्हणाले, आता बाई मरू दे.
आणि तलाव घ्या. मुखपृष्ठावर तलाव खुलतो.
म्हणून मासुंद्याचे जुने कागद गोळा केले
आणि पिशवीभर झेरॉक्स घेऊन
कोलबाडला मथुरे सरांकडे गेले.
सर भिंगातून मोडी वाचत होते,
मी चहात ग्लुकोजचं बिस्कीट बुडवून ऐकत होते.

कसबे ठाणें, सन अठराशें शहाण्णव.
चांगुणा कोम हरी नाखवा, राहणार चेंदणी,
उमर अजमासें बावीस.
तलावांत पाय घसरून पडून मयत.
प्रेत घाटाचे पायरीवर, लुगडें ओलें.
कोणाविरुद्ध संशय नाहीं.
पंचांचे अंगठे पाच.
मग सर थांबले. अहो, हे तुमचेच ना?
दस्तुर आबाजी शृंगारपुरे.

बिस्कीट तळाशी गेलं.

म्हणजे तुम्ही तिथे होता, आबाजी.
काठी नव्हती. भुवई जागच्या जागी.
पगार अठरा रुपये, समोर मामलेदार,
आणि मामलेदारांच्या मागे बहुधा तो,
ज्याचं नाव कागदावर कुठेच नाही.
तुम्ही लिहिलंत, सांगितलं तसं.

थांबा, सर म्हणाले, समासात काहीतरी आहे.
बारीक अक्षर, टाकातली शाई संपत आल्यासारखं :
केस कोरडे. अंबाड्यांत अबोली, ताजी.

तलावपाळीवरून चालत घरी आले.
पाण्यात पायडलचे हंस,
कठड्यावर एक बाई लेकीची रिबीन घट्ट करत होती.
बुडालेल्या बाईचे केस कोरडे.
हे कुणी कशाला लिहील?
धीर असता, तर वरच्या ओळीत लिहिलं असतं.
धीर नसता, तर समासातही नसतं.
की ही नुसती कवीची खोड,
फूल दिसलं की टिपून ठेवायचं,
मग ते कुणाच्याही डोक्यात असो?
या तिसऱ्या शक्यतेचा मला सगळ्यात राग येतो,
कारण ती मला ओळखीची आहे.

फोन आला : पाचवं प्रकरण कुठवर?
म्हटलं, पहिल्यापासून लिहितेय.
काठी काढून घेतली त्यांच्या हातातून. डबी घेतली.
साक्षीदारांच्या बाकावर बसवलं,
ज्या बाकावर मी आजवर दुसऱ्यांनाच बसवत आले.
आणि वही उघडून विचारलं,
अबोली तिला कुणी माळली होती?

ते खाली बघतात.
झेरॉक्सवर बारीक काळे ठिपके आहेत.
शाई वाळवायला टाकलेली वाळू असावी,
असं सर म्हणाले.
त्यांतला एक मी अजून नखाने खरवडतेय.