टप्प्याटप्प्याने

तिसऱ्या वर्षाला मी ऐच्छिक विषय घेतला:
जागतिक आरोग्य आणि मानवी हक्क.
तेजस्विनी मगदूमने कंपनी कायदा घेतला. म्हणाली,
तुझ्याकडे अशील कोण येणार, आणि फी कोण देणार?
वर्गात आम्ही चौघं, एक पंखा,
आणि आरवाडे सर, जे जिनिव्हा हा शब्द
जत किंवा कवठेमहांकाळ म्हणावं तसा म्हणतात,
सकाळच्या एसटीनं जाऊन
संध्याकाळी सांगलीत परत येता येईल जणू.

करारातलं बारावं कलम त्यांनी फळ्यावर लिहिलं.
गाठता येईल अशा उच्चतम आरोग्याचा
प्रत्येकाला हक्क.
'गाठता येईल'खाली दोन रेघा मारल्या.
म्हणाले, सगळा झगडा या दोन शब्दांत आहे.
मी उतरवून घेतलं, आणि समासात,
का कोण जाणे, कंदील काढला.

कंदील दाजीमामाचा,
हरिपूरला हळदीची पेवं होती तेव्हाचा.
पेव उघडलं की आधी माणूस नाही, कंदील उतरायचा,
दोराला बांधून, हळूहळू.
विझला की मामा विडी न पेटवता कानावर ठेवायचा
आणि म्हणायचा, आज न्हाई.
मालक ओरडायचा, गाडी उभी हाय.
मामा म्हणायचा, उभी ऱ्हाऊ दे.
एवढाच कायदा. त्याला कलम नव्हतं.
एका वर्षी कंदिलात तेल नव्हतं.
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

पुण्याला अभिरूप न्यायालयाची स्पर्धा.
देश काल्पनिक, आजार काल्पनिक,
औषध मात्र खरं वाटावं इतकं महाग.
चिठ्ठी निघाली: आमचा संघ सरकारच्या बाजूने.
साधनं मर्यादित आहेत, माय लॉर्ड.
हक्क नाकारलेला नाही,
तो टप्प्याटप्प्याने द्यायचा आहे.
मला तो शब्द इतका सुरेख म्हणता आला
की परीक्षकांनी मान डोलावली.
समोरची मुलगी नांदेडची.
मेलेल्यांचे आकडे सांगत होती,
काल्पनिक मेलेल्यांचे,
आणि तिचे डोळे खरोखर भरले.
आम्ही जिंकलो.

ढाल घेऊन रात्री घरी आले.
आई मोरीत हात घासत होती.
मी रांगत होते तेव्हापासून ती यार्डात हळद निवडते.
हात निघत नाहीत. उन्हाळ्यात थुंकीसुद्धा पिवळी.
'कुणाच्या बाजूनं भांडलीस?'
सरकारच्या.
'मग जिकणारच की.'
आणि इतकी हसली की खोकला लागला,
तो थांबेपर्यंत मी ढाल धरून उभी.

सर म्हणतात, चार कसोट्या लक्षात ठेवा:
उपलब्ध आहे का, पोचता येतं का,
माणसाला मानवेल असं आहे का, दर्जा आहे का.
मिरजेत दवाखान्यांची रांगच आहे, म्हणजे उपलब्ध.
वडापनं वीस मिनिटं, म्हणजे पोचता येतं.
डॉक्टर विचारतात, काम काय करता?
आई म्हणते, घरीच असते.
ही कसोटी कितवी, ते पुस्तकात नाही.

हमालांना मंडळ आहे, बिल्ला आहे, हजेरी आहे,
बाबालाल मुजावरांचा तर कार्डावर फोटो आहे, टोपीसकट.
निवडणाऱ्या बायकांची नावं
मुकादमाच्या खिशातल्या डायरीत,
तीही पेन्सिलीनं.

रविवारी मी अर्ज लिहायला बसले.
अर्जदाराचं नाव झालं. पत्ता झाला.
कामावर लागल्याची तारीख?
आई लसूण सोलायची थांबते.
'लिही, पुराच्या आदल्या साली.'
कुठल्या पुराच्या, आई?
ती बोटं मोजायला घेते,
एकदा चुकते, पुन्हा अंगठ्यापासून धरते.
मी पेनचं टोपण काढून थांबलेय.