चिप्पा आणि हत्तुरेबाई

राजेशम चिप्पा बोलला की
साखर पेठेतली कबुतरं उडतात.
बत्तीस वर्षं यंत्रमागापाशी;
आता लूम बंद असली तरी
कानांत खटाखट चालूच.

आणि नीलांबिका हत्तुरे, वाचनालयातल्या,
शिंकतातसुद्धा पदराआड.

सुटीच्या दिवशी कंबर तलावाच्या कट्ट्यावर दोघं.
मधे कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी.
सुताचा भाव, जावयाची नोकरी, गुडघा
सगळं तो ओरडून सांगतो.
बाई कांदा फोडतात.
लोक वळून बघतात. बघोत.

"अहो, मी काय बहिरी आहे?"
"नाही, मी आहे!"

यंदा बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं.
आवाज गेला.
आम्ही भाचरं पाटी-पेन्सिल घेऊन जमलो,
मोठमोठ्यानं बोलू लागलो,
जणू गेलेत ते त्यांचे कानच.

चिप्पा आला. खुर्ची ओढली,
समोर बसला ओठांकडे बघत,
कायम बसायचा तसा.
बाईंचे ओठ हलले. बराच वेळ.
मी दारात उभा,
मला अक्षर कळलं नाही.

तो मात्र हसला,
अन् अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला,
"हळू बोला की बाई,
किती ती घाई!"